मागच्या खोलीचा वारा

सोमवार, ३

आज माझ्याबरोबर या घरात आलं ते असं. लोखंडी ट्रंक एक, हमालीचे वीस. वळकटी एक, तिचे हमालाने निराळे मागितले, दिले नाहीत. देवांची पेटी, मांडीवर आणली, फुकट. कॉम्प्युटरचे पंखे दोन, प्रत्येकी एकशे ऐंशी सांगितले, घासाघीस करून जोडीचे तीनशे तीस. धूळ अडवायची जाळी, चाळीस. उष्णता ओढून घेणाऱ्या पेस्टची नळी, पंच्याण्णव; करंगळीएवढी नळी, पण दुकानदार म्हणाला, बाई, इथे काटकसर करू नका. आणि मी स्वतः, वय बेचाळीस, मॅट्रिक पास, टायपिंगची परीक्षा दिलेली, बिजवराला दिलेली. माझी किंमत लिहायला वहीत रकाना नाही.

पंखे आणले त्याचं कारण, ह्यांच्या घरात एक कॉम्प्युटर आहे, तो तापून बंद पडतो, असं लग्न ठरतानाच कळलं होतं. दुरुस्त झाला तर घरी बसून दुकानांची बिलं टाइप करता येतील. दुसऱ्या बायका दागिने घेऊन येतात, मी पंखे घेऊन आले. हे हसले. ह्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

घर आवडलं. पुढची खोली, सासूबाईंची खोली, स्वयंपाकघर, मग बोळ आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. हे रंगाचं दुकान चालवतात, त्यामुळे भिंती स्वच्छ, एकही पोपडा नाही. मागच्या खोलीला खिडकी नाही, पण भिंतीत वर एक पंखा आहे. तो लावला की छान झुळूक अंगावर येते. भिंतीपलीकडे पत्र्याची शेड, तिच्यात ताडपत्रीखाली जनरेटर. पंख्याचं बटण खोलीबाहेर, दाराच्या कडीशेजारी आहे. आतला माणूस उठताना बटण विसरतो आणि वीज जळते, म्हणून बाहेर, असं हे म्हणाले. मला पटलं. मीही असंच केलं असतं.

थोरलीचा फोटो कुठेही नाही. सासूबाई म्हणाल्या, छातीने नाजूक होती, टेबलावर डोकं ठेवून गेली, दीड वर्ष झालं. देवांची पेटी मांडली आणि पहिला दिवा तिच्या नावाने लावला. जिच्या जागी आपण आलो तिला विसरू नये.

ताई, ही पानं तुझ्यासाठी. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून मनातलं सांगता येत नाही. तुझा नियम लक्षात आहे. राग आला की बोलायचं नाही, काही करायचं नाही, आधी तुला लिहायचं आणि तुझं उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायचं. बाबांचं करत होते तेव्हा दूधवाल्यावर संतापून तुला चार पानं लिहिली होती. तुझं उत्तर येईपर्यंत दूधवालाच बदलला. इथे तसली वेळ येणार नाही असं दिसतं. माणूस अबोल आहे, पण वस्तू जागच्या जागी ठेवणारा.

गुरुवार, ६

मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा डबा उघडला. आधी प्लग काढला, मग बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू. आत धुळीची गोधडी अंथरलेली. ह्यांच्या दुकानातला दोन इंची ब्रश मागून घेतला, केस झडलेला, विकायच्या कामाचा नाही असा. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे पंख्याचं पातं बोटाने धरूनच पुसलं, मोकळं सोडलं तर ते गरगर फिरून आतून खराब होतं. मधोमध पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो, त्याच्या फटींत धूळ इतकी घट्ट बसली होती की काडीने कोरून काढावी लागली. मन रमलं. देवघर आवरताना वाटतं तसंच वाटत होतं.

ठोकळ्यावरच्या पंख्याच्या आसाला एक केस गुंडाळलेला होता. काळा. ओढत गेले तर हातभर निघाला, मग आणखी हातभर. माझे केस मानेपर्यंत आणि निम्मे पांढरे, सासूबाईंचे तर मोजून घ्यावेत एवढेच. केस कागदात गुंडाळून देवांच्या पेटीखाली ठेवला. कचऱ्यात टाकवला नाही.

डब्याच्या जुन्या जाळीवरची धूळ मात्र करडी नव्हती. काळी आणि तेलकट, चुलीमागची भिंत असते तशी. साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली तेव्हा गेली; नवी जाळी राखून ठेवली.

नवे पंखे बसवले. दोन्ही असे बसवले की वारा आतल्या भागांवर पडेल. एकाला दोन वारे, मग तापतो कसा ते बघते, असं मनात म्हटलं. वीस मिनिटांत मशीन बंद. हे दारात उभे राहून म्हणाले, तीनशे तीसला वीस मिनिटं.

रविवार, ९

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, चष्म्याला दोरा, सगळे त्यांना फुंकरभाऊ म्हणतात. फार वर्षांपूर्वी कुणाच्या मशीनमध्ये त्यांनी तोंडाने फुंकर मारली, थुंकीचा थेंब आत उडाला आणि मशीन गेलं. तेव्हापासून दुसऱ्या कुणी फुंकर मारली तर ते अंगावर धावून जातात, नाव मात्र त्यांनाच चिकटलं.

माझं काम बघून खूप हसले. म्हणाले, वहिनी, तुम्ही बिचाऱ्याला नुसता श्वास घ्यायला लावलाय, सोडायचा कुठून ते सांगायला विसरलात. मग समजावलं. पुढून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर, तरच डबा थंड राहतो. पंख्याची एक बाजू उघडी असते, दुसरीला आडव्या काड्या असतात. उघडी बाजू ओढते, काड्यांची बाजू फेकते. एवढं ध्यानात ठेवलं की जगातला कुठलाही पंखा वाचता येतो. त्यांनी मागचा पंखा फिरवून लावला, ठोकळ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घातली, वायरी एका बाजूला बांधल्या, डबा जमिनीवरून उचलून दोन विटांवर आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. दुपारभर मशीन चाललं. वर हात ठेवला तर कोमटसुद्धा नाही.

जाळी त्यांनी नाकाशी धरली. परवाच धुतलेली, पण पुन्हा काळी झाली होती. म्हणाले, ही घरची धूळ नाही, इंजिनाचा धूर आहे. म्हटलं, जनरेटर तर ताडपत्रीखाली आहे, मी आल्यापासून एकदाही चालला नाही. ते म्हणाले, मशीन आणि माणूस एका खोलीत बसले की हवा एकच ओढतात. माणसाच्या छातीत डोकावता येत नाही, मशीनची जाळी काढून बघता येते.

मग त्यांनी मान वर करून भिंतीतल्या पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा अर्धा टाकून पिशवी उचलली आणि गेले.

मंगळवार, ११

बिलांचं काम सुरू झालं. हात अजून चालतो, मिनिटाला तीस शब्द.

डब्यातून आवाज येतो. टक टक टक, मग थांबतो, मग पुन्हा टक टक टक. वायर पात्याला लागत असेल म्हणून उघडून पाहिलं. वायरी बांधलेल्याच होत्या, तरी आणखी एक दोरा मारला. आवाज तसाच. प्लग काढला. पंखे थांबले, ते डोळ्यांनी पाहिलं. आवाज चालूच. माळ घेऊन तिथेच बसले. जप करताना लक्षात आलं की माझे मणी त्या तिनाच्या तालावर सरकताहेत.

जाळी आज पुन्हा काळी.

शनिवार, १५

आज दुपारी स्टुलावर चढून भिंतीतला पंखा वाचला.

काड्या माझ्या बाजूला आहेत. म्हणजे हा पंखा खोलीतली हवा बाहेर टाकत नाही, शेडमधली आत फेकतो. ती झुळूक, जिचं मी पहिल्याच दिवशी कौतुक केलं, ती जनरेटरच्या अंगावरून येते.

खोलीचा पिवळा रंग ह्यांनी स्वतः दिलेला. पंखा जागेवर ठेवूनच दिला असणार, कारण रंगाचे शिंतोडे त्याच्यावर आहेत. पण शिंतोडे माझ्याकडच्या बाजूला नाहीत. पात्यांमधून पाहिलं तर पलीकडच्या, शेडच्या बाजूला आहेत. म्हणजे रंग दिला तेव्हा तीच बाजू खोलीत होती, पंखा तेव्हा सरळ होता आणि नंतर कुणीतरी फिरवला.

डोकं दुखत होतं. खाली उतरून दार सताड उघडं ठेवून काम केलं. हे येऊन लोटून गेले.

सोमवार, १७

सासूबाईंचे पाय चेपताना विचारलं, तो पंखा कुणी फिरवला. पाय तसेच माझ्या मांडीवर ठेवून सगळं बोलल्या.

थोरली त्या खोलीत बिलं टाइप करायची. खोलीची भट्टी होते, आणखी एक पंखा आणा म्हणून मागे लागली. हे म्हणाले, दुसरा कशाला, आहे तो एवढा वारा उगाच बाहेर फेकतोय. आणि पंखा फिरवून दिला, तिच्या अंगावर वारा येईल असा. सासूबाई म्हणाल्या, केवढी युक्ती म्हणून मीच शाबासकी दिली त्याला. ताई, खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली असती. इथवर मी कुणालाच दोष देत नाही.

मग तो दिवस. थोरली म्हणाली, मशीन घेऊन आईकडे जाते, माझ्यापुरतं मी कमावते. ती कामाला बसली तेव्हा ह्यांनी बाहेरून कडी घातली आणि म्हणाले, डोकं थंड होईपर्यंत बस. थोड्या वेळाने वीज गेली. सासूबाईंना उकाड्यात धाप लागते, त्यांच्या पंख्यासाठी ह्यांनी जनरेटर लावला. मागच्या खोलीची वायर त्याच जोडातली. भिंतीतला पंखाही सुरू झाला.

ती ठोकत होती. तीनदा, मग थांबून तीनदा. सासूबाईंनी विचारलं, कसला आवाज. हे म्हणाले, मशीन. हे तेव्हा जेवत होते. दुसऱ्यांदा भात घेतला. ठोकणं कधी थांबलं ते सासूबाईंना सांगता येत नाही. हात धुऊन, पुसून, मग हे उठले आणि कडी काढली. डॉक्टरला सांगितलं, छाती नाजूक होती.

मी एवढंच विचारलं, तुम्हाला तो आवाज मशीनचा वाटला का. म्हणाल्या, वाटून घेतला.

पाय खाली ठेवले. पाणी दिलं. ही पानं आजच्या टपालाने जाताहेत, ताई. मला राग आला आहे. नियम पाळते. तुझं उत्तर येईपर्यंत हात बांधून बसले आहे.

बुधवार, १९

मी फक्त एवढंच म्हटलं की भिंतीतला पंखा सरळ करून द्या. का, ते बोलले नाही. हे म्हणाले, मॅट्रिकला आता पंखेपण शिकवतात वाटतं. म्हटलं, तुम्हाला सवड नसेल तर मी करते, चार स्क्रू आहेत. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, आहे ते ठीक आहे, थोरलीलाही असंच सगळं उलटं दिसायचं. मला दंडाला धरून खोलीत बसवलं आणि कडी घातली. दारापलीकडून म्हणाले, डोकं थंड होऊ दे.

तेच शब्द.

मी ठोकलं. किती वेळा ठोकते आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. मग ऐकलं, तीनदा. थांबून तीनदा. दोन हात ठोकत होते आणि त्यातला एक माझा नव्हता.

वीज होती म्हणून मी वाचले, जनरेटर लागला नाही. पण अंग घामाने निथळत होतं आणि श्वास पुरत नव्हता. तेव्हा डब्यातला पंखा फिरू लागला. प्लग माझ्या समोर जमिनीवर पडलेला होता. गार वारा आला, अगदी गालापाशी, कुणी पदराने घालावा तसा. केसांना लावायच्या तेलाचा वास आला. मी डोळे मिटून म्हटलं, बाई गं, तुझं मला सगळं कळलंय. वारा तासभर थांबला नाही.

वर्तमानपत्र वाचून झाल्यावर ह्यांनी कडी काढली. विचारलं, झालं का थंड. म्हटलं, झालं.

लोक हिला माझी सवत म्हणतील. म्हणोत. तुझ्यानंतर मला वारा घालणारी ही दुसरी.

शनिवार, २२

हे म्हणाले, त्या डब्याची कटकट नको, विकून टाकू. आज पत्रा उघडून आत हात घातला. प्लग काढलेला, मीच काढून दिला होता. थांबलेला पंखा एकदम फिरला. बोट पेरापाशी हाडापर्यंत कापलं. एवढंसं प्लास्टिकचं पातं.

हळद दाबली, चिंधी बांधली. रक्त टेबलावर पडलं ते पुसलं, पात्यावरचं राहू दिलं. बरं वाटलं, ताई. माणसाचं रक्त बघून मला बरं वाटलं. संध्याकाळी देवापुढे कान धरायला बसले आणि कान धरवले नाहीत. आयुष्यभर मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून वाकून चाललेली मी. देवाला म्हटलं, तुला चुकीचं वाटत असेल तर दिवा विझव. दिवा उलट मोठा झाला.

सोमवार, २४

फुंकरभाऊ आले होते. हे दुकानात. दारातच उभं राहून म्हणाले, वहिनी, रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. थोरल्या वहिनींनी मला शुक्रवारी विचारलं होतं, खोलीतल्या पंख्याच्या काड्या कुठल्या बाजूला असाव्यात. मी सांगितलं, बाहेरच्या, आणि सोमवारी येऊन फिरवून देतो म्हणालो. शनिवारी त्या गेल्या. तेव्हापासून तुम्ही बोलावेपर्यंत या घराची पायरी चढलो नव्हतो.

पिशवीत स्क्रू ड्रायव्हर होता. म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता फिरवतो, काही देऊ नका.

आतून आवाज आला, टक टक टक. त्यांनीही ऐकला, चेहरा पांढरा पडला.

म्हटलं, राहू दे.

का म्हटलं, ते मला ठाऊक आहे. तुलाही कळेल. बटणावर मात्र मी कागद चिकटवला आहे, पिठाच्या खळीने, लावू नये असं लिहून. एवढं केलं आहे. हे लक्षात ठेव.

मंगळवार, २५

तुझं पत्र आलं. चारच ओळी. पाप त्याचं आहे, हिशेब देवाकडे राहू दे. तू कशालाही हात लावू नकोस. जे करायचं ते मला विचारून, माझं उत्तर आल्यावर.

वाचून दाखवलं. तिला. मशीनसमोर बसून, मोठ्याने. ठोकणं थांबलं. दिवसभर शांत. तिला तुझा नियम आवडला असावा.

पत्र देवांच्या पेटीखाली ठेवताना ती केसांची पुडी हाताला लागली. जड झाली आहे. उघडली नाही.

गुरुवार, २७

उद्या दहा ते चार वीज नाही. तारांचं काम आहे, पाटी लागली आहे. हे पेट्रोल घेऊन आले. ताडपत्री काढली. सासूबाईंच्या पंख्यासाठी, म्हणाले.

मग मला म्हणाले, राहिलेली बिलं उद्या बसून उरकून टाक. दार लावून बस, आवाज येतो तुझ्या टायपिंगचा.

पाटी पाहूनच म्हणाले. माझ्याकडे न बघता.

आंघोळ करून आले तरी बोटं काळी. नखांत काजळी. घासली, घासली. माझी जनरेटरशी गाठ नाही, शेडमध्ये मी पाय ठेवलेला नाही. ठेवला असेल तर मला आठवत नाही.

जाळी आज पांढरी स्वच्छ. पहिल्यांदाच. सगळी काजळी कुठे गेली —

शुक्रवार, २८

सकाळी दहा. वीज गेली. त्यांनी जनरेटर लावला.

मी खोलीत गेले नाही. म्हटलं, डबा ठोकतोय, काम सुचत नाही. हे म्हणाले, बघतोच आता त्याच्याकडे. स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत गेले. बोटाची चिंधी तशीच.

कडी लागली.

मी लावली असं मला आठवत नाही. कडीवर हात होता. हात माझाच होता. बोटं काळी.

बटणावरचा कागद खाली पडला आहे. खळ माझी होती, पिठाची, सुटणारी नव्हे. बटण चालू आहे. भिंतीतला पंखा चालू आहे — बोळात ऐकू येतो.

साडेदहा

आधी हाक मारली. मग रागावले. मग दारावर लाथ. दार जाड आहे, त्यांनीच निवडलेलं. आता नुसतं ठोकताहेत. तीनदा. थांबून तीनदा. हे त्यांना कुणी शिकवलं —

सासूबाईंनी पुढच्या खोलीतून विचारलं, कसला आवाज. मी सांगितलं, मशीन.

त्यांनी वाटून घेतलं असेल.

अकराला थोडी मिनिटं कमी

बोळातच बसले आहे, कडीसमोर. जेवायला वाढून घेतलं. पानं दोन मांडलेली दिसतात. दुसरं कधी मांडलं ते — दुसऱ्या पानातला भात कमी होतो आहे. काठाला काळी बोटं उमटलेली. माझ्या हाताकडे पाहिलं. माझे धुतलेले आहेत. आता धुतलेले आहेत.

गालापाशी वारा येतो. गार. तेलाचा वास.

हे म्हणताहेत, अगं, उघड. माझं नाव घेऊन म्हणताहेत. आज पहिल्यांदाच नाव घेतलं. मग दुसरं नाव घेतलं. तिचं. ती जेवताना थांबली. पुन्हा जेवू लागली.

ताई, मला राग आला आहे. म्हणून तुला लिहिते आहे. नियम तुझा आहे. कशालाही हात लावू नकोस म्हणालीस, लावलेला नाही. कडीलाही नाही. हात मांडीवर आहेत. तू सांगशील तेच करीन, तुझं पत्र आल्यावर लगेच करीन, एक क्षण दवडणार नाही. टपाल जायला चार दिवस, यायला चार. मी इथेच बसून आहे. उठणार नाही.

भात दुसऱ्यांदा घेतला. दोघींनी.

ठोकणं हळू झालं आहे. दोनदा. थांबून —

पोस्टमन बाराला येतो. पान फाडते. एवढंच विचारायचं होतं, बाकी सगळं कुशल. उलट टपाली कळव, ताई, कडी काढू की